मेडिकल दुकानाच्या काउंटरवरून सीसीएमएच्या परीक्षेपर्यंत

अमेरिकेत डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलं की जी व्यक्ती नाव पुकारून आत नेते, वजन-उंची घेते, बीपी बघते, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते एकेक करून विचारते आणि संगणकात भरते, ती बहुतेक वेळा नर्स नसते, मेडिकल असिस्टंट असते. रक्त काढणं, ईसीजी काढणं, लस टोचणं, लघवीची पट्टी तपासणं, विमा कंपनीला फोन लावून ताटकळत बसणं, सगळं तिच्याच वाट्याला. मी सध्या न्यू जर्सीत हेच काम करते. त्यासाठी दिलेल्या सीसीएमए, म्हणजे सर्टिफाइड क्लिनिकल मेडिकल असिस्टंट या परीक्षेबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. इकडच्या मराठी मंडळात डी.फार्म., डीएमएलटी, बीएचएमएस करून घरी बसलेल्या कितीतरी बायका भेटतात आणि बहुतेकींचा प्रश्न एकच असतो, ‘आपल्याला जमेल का गं?’

माझं शिक्षण डी.फार्म., तेही मिरजेत, म्हणजे दवाखान्यांच्याच गावात. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच नाही, तर पार बेळगाव-विजापूरकडून पेशंट मिरजेला येतात. लग्नाआधी मी चुलत्यांच्या मेडिकलमध्ये काउंटर सांभाळायचे. तिथे येणारा प्रत्येक जण चिठ्ठी घेऊन येतोच असं नाही. ‘ताई, दोन दिवस पोटात कसंतरी होतंय, काहीतरी द्या’ हे वाक्य ऐकल्याशिवाय एक दिवस जायचा नाही. दवाखान्याची फीही वाचवायची असते आणि रांगही, आणि समोरची मुलगी शिकलेली असते. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-१ हा औषधविक्रीचा नियम लागू झाला, कित्येक अँटिबायोटिक्सची रजिस्टरमध्ये नोंद ठेवणं सक्तीचं झालं, तरी ‘काहीतरी द्या’ काही थांबलं नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे परीक्षेत मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते काउंटरवर अंगात मुरलेल्या या सल्ला देण्याच्या सवयीशी. शरीरशास्त्र आणि औषधं त्यामानाने सोपी गेली.

फार्मसीतच का नाही गेलीस, असं सगळे विचारतात. परदेशी शिक्षणावर इकडे फार्मासिस्ट व्हायचं तर आधी समकक्षतेची परीक्षा असते, आणि २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असावा लागतो. चार वर्षांचं बी.फार्म. केलेल्यांनाही तिथे दार बंद, मग दोन वर्षांच्या डिप्लोमाला कोण विचारतो. त्यात मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या बायकोला मिळतो त्यावर. नवऱ्याची आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेली मागणी, मंजूर झालेली असेल तर २०१५ पासून एच-४ वर असलेल्यांना काम करण्याचा परवाना मिळू लागला. माझं कार्ड हातात आलं तेव्हा मुलगी शाळेत जाऊ लागली होती. फार्मसी टेक्निशियन होता आलं असतं, पण पुन्हा काउंटर नको होता. पेशंटजवळ काम करायचं होतं.

मेडिकल असिस्टंटसाठी इथे एकच एक सरकारी परीक्षा नाही, हे कळायलाच मला वेळ लागला. वेगवेगळ्या संस्था वेगवेगळी सर्टिफिकेटं देतात. सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) देते ती १९५६ साली स्थापन झालेली मेडिकल असिस्टंटांची राष्ट्रीय संघटना, आणि त्यासाठी सहसा विशिष्ट मान्यता असलेलाच कोर्स केलेला असावा लागतो. आरएमए (रजिस्टर्ड मेडिकल असिस्टंट) दुसऱ्या संस्थेची. मी दिली ती सीसीएमए, नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनची. बारावी किंवा तिच्या बरोबरीचं शिक्षण आणि अलीकडच्या पाच वर्षांत पुरा केलेला प्रशिक्षण कोर्स, एवढं असलं की तिला बसता येतं. प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. कोणतं सर्टिफिकेट घ्यायचं ते आपल्या भागातल्या दवाखान्यांच्या नोकरीच्या जाहिराती वाचून ठरवावं, असं मी आग्रहाने सांगेन. राज्याराज्याचे नियमही वेगळे. न्यू जर्सीत असिस्टंटकडून इंजेक्शन द्यायचं असेल तर ती सर्टिफाइड हवी आणि तिचा कोर्स किमान ठरवून दिलेल्या तासांचा हवा. त्यामुळे ‘सहा आठवड्यांत घरबसल्या मेडिकल असिस्टंट’ अशी जाहिरात दिसली की पैसे भरण्याआधी हा नियम जरूर वाचावा. आमच्या ओळखीतल्या एकीने अशा कोर्सवर भरपूर पैसे घातले आणि नंतर तिला कुणी मुलाखतीलाही बोलावेना.

मी काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजचा संध्याकाळचा कोर्स घेतला. बारावीच्या प्रमाणपत्राचं मूल्यमापन करून घेणं, लसीकरणाच्या नोंदी गोळा करणं, यातच बराच काळ गेला. गोवर, गालगुंड, कांजिण्या लहानपणी होऊन गेल्याचं आई फोनवर शपथेवर सांगत होती, पण कागद कुठून आणणार? शेवटी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करून ते सिद्ध केलं.

आणि मग टीबीची चाचणी. एक्स्टर्नशिपला, म्हणजे दवाखान्यातल्या विनावेतन प्रशिक्षणाला जाण्याआधी ती सगळ्यांना करावी लागते. ट्युबरक्युलिन ०.१ मिलिलिटर, हाताच्या आतल्या बाजूला, त्वचेच्या अगदी वरच्या थरात. सुई १० ते १५ अंशांवर, जवळजवळ आडवीच. बरोबर टोचलं की ६ ते १० मिलिमीटरचा पांढुरका फुगवटा येतो. ४८ ते ७२ तासांनी वाचायचं, आणि मोजायचा तो कडकपणा. लाली मोजायची नाही. वर्गात हे शिकवत होते तेव्हा मी डाव्या दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा व्रण दाखवला, तर सगळ्या जणी बघायला गोळा झाल्या. अमेरिकेत बीसीजी सरसकट देत नाहीत. आपल्याकडे जन्मल्याबरोबर देतात, आणि ती घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यासाठी रक्ताची वेगळी चाचणी असते, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. मी तीच मागून घेतली. भारतातून आलेल्या प्रत्येकीला माझं हे सांगणं राहील: त्वचेची चाचणी करून मग एक्स-रेच्या मागे धावण्यापेक्षा आधीच बीसीजीचं सांगा आणि रक्ताची चाचणी होते का ते विचारा.

परीक्षेत एकूण १८० प्रश्न. त्यातले १५० गुणांचे, उरलेले ३० नव्या प्रश्नांची चाचपणी म्हणून घातलेले. कोणते ते आपल्याला कळत नाही. वेळ तीन तास. गुण २०० ते ५०० च्या पट्टीवर देतात, पास व्हायला ३९० लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. निम्म्याहून जास्त प्रश्न प्रत्यक्ष पेशंटच्या कामावरचे: बीपी, नाडी, इंजेक्शन, रक्त, ईसीजी, संसर्गाचं नियंत्रण. बाकीच्यात शरीररचना, कायदा, संवाद आणि ऑफिसचं काम.

औषधांचा भाग मला हातचा वाटत होता, आणि बराचसा होताही. फक्त नावं आणि मोजमापं नव्याने बसवावी लागली. पॅरासिटामॉलला इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. मुलांचं तापाचं सिरप आपल्याकडे बहुधा ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं, किंवा २५० चं असतं; इथे १६० चं. वजन पौंडात. म्हणजे ३३ पौंडांचं मूल, २.२ ने भागून १५ किलो, डॉक्टरांनी किलोला १० मिलिग्रॅम सांगितलं तर १५० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ४.७ मिलिलिटर. गणित पाचवीतल्या मुलाला येईल असं आहे. पण पौंडाचे किलो करायला विसरलं तर डोस दुपटीहून जास्त होतो, आणि पर्यायांमध्ये तेही उत्तर दिलेलं असतंच. मी प्रत्येक गणित सोडवताना आधी एकक लिहायची सवय लावली. आजही दवाखान्यात तसंच लिहिते.

रक्त काढण्याच्या ट्यूबचा क्रम हा सगळ्यांनाच अवघड जाणारा भाग. कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून तपासायच्या बाटल्या सगळ्यांत आधी. मग निळं झाकण, मग लाल, सोनेरी, हिरवं, जांभळं आणि शेवटी राखाडी. इंग्रजीत यासाठी पुष्कळ वाक्यं तयार आहेत, पण ती माझ्या डोक्यात टिकेनात. एका रात्री भांडी घासताना आपोआप ओठांवर आलं: ‘निघाली लाडकी सोनी हिरव्या जांभळाच्या रानात.’ निळी, लाल, सोनेरी, हिरवी, जांभळी, राखाडी. मुलीला ते इतकं आवडलं की तिने सोनीचं चित्र काढून फ्रिजवर लावलं, आणि त्यानंतर हा क्रम मी कधीही चुकले नाही.

तरी नुसतं वाक्य पाठ करून भागत नाही, कारण परीक्षेत ‘असं का’ हेही विचारतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, पोटॅशियमच्या रूपात. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. आता त्याचा अंश सुईवाटे पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर तिथे पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसणार आणि कॅल्शियम खोटंच कमी. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्या खोट्या आकड्यापायी रात्री इमर्जन्सीत पळवतील. म्हणून जांभळी मागे. निळ्या ट्यूबमध्ये सायट्रेट, आणि रक्ताचं त्याच्याशी प्रमाण नऊला एक असंच लागतं; ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर गोठण्याची चाचणी चुकते. फुलपाखरू सुईने रक्त काढताना तिच्या नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये शिरते आणि निळी ट्यूब कमी भरते. म्हणून आधी एक टाकाऊ ट्यूब लावायची. ही कारणं ज्या दिवशी नीट समजली त्या दिवसापासून मला पाठांतराची भीती राहिली नाही. बाकी विषयांतही मग मी आधी कारण शोधू लागले.

शीर शोधण्याचा सराव आधी रबरी हातावर, मग एकमेकींवर. गोऱ्या मुलींच्या शिरा निळ्या दिसतात, माझ्यासारख्या सावळ्या हातावर दिसत नाहीत. म्हणून माझा हात सरावाला कुणी घेईना. आमच्या शिक्षिकेने नेमका माझाच हात टेबलावर ठेवला आणि वर्गाला डोळे मिटून बोटाने शोधायला लावलं. कोपराच्या खळग्यात तर्जनी ठेवून हलकेच दाबायचं. स्नायूबंध कडक लागतो, दबत नाही. धमनी ठोके देते. शीर दबते आणि बोट उचललं की परत वर येते. दंडाला बांधायचा पट्टा जागेच्या तीन-चार इंच वर, आणि एका मिनिटापेक्षा जास्त नाही, नाहीतर अडकून राहिलेल्या रक्ताचे आकडे बदलतात. आता दवाखान्यात कितीतरी देशी आणि कृष्णवर्णीय पेशंट ‘माझी शीर कुणाला सापडत नाही’ असं म्हणतच बसतात. तेव्हा त्या शिक्षिकेची आठवण येते. डोळ्यांवर विसंबून शिकवलं असतं तर ह्या लोकांना दोन-दोनदा टोचावं लागलं असतं.

त्या हिवाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. बीपीचा सराव मी त्यांच्यावर केला. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या पातळीवर आधाराला, आणि बोलायचं नाही. यातलं शेवटचं त्यांना अजिबात जमायचं नाही. ‘अगं, किती आलं? भाजीत मीठ जास्त होतं का कालच्या?’ कफ छोटा पडला तर बीपी खोटं जास्त येतं हे पुस्तकात वाचलं होतं. त्यांच्या दंडाला नेहमीचा कफ आणि मोठा कफ असे दोन्ही लावून पाहिले तेव्हा फरक डोळ्यांनी दिसला. पुस्तकात एका ओळीत असलेल्या गोष्टी अशा हाताने करून बघता आल्या तर जरूर बघाव्यात.

एक दिवस त्या म्हणाल्या, ‘पाय सुजल्यासारखे वाटताहेत गं. ती बीपीची गोळी बंद करू का?’ गोळी होती ॲम्लोडिपिन. तिने घोट्याला सूज येऊ शकते हे मला डी.फार्म.पासून ठाऊक. मिरजेत असते तर ‘ती गोळीमुळेच येते, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या’ असं काउंटरवरून तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण त्याच आठवड्यात मी जवळजवळ हाच प्रश्न सराव परीक्षेत सोडवला होता, आणि तिथे बरोबर उत्तर होतं: विचारा, नोंदवा, डॉक्टरांना कळवा. कधीपासून सूज आहे? एका पायाला की दोन्ही? दम लागतो का? रात्री उशी जास्त घ्यावी लागते का? मी विचारत गेले आणि माझ्याच लक्षात येत गेलं की एकाच पायाला सूज असती तर ती रक्ताची गुठळी असू शकली असती, दम लागत असता तर हृदयाचं दुखणं. गोळीचा दुष्परिणाम ही अनेक शक्यतांपैकी एक, आणि त्यातली कोणती खरी हे ठरवायला तपासणी लागते. मला गोळी माहीत होती, म्हणून मला फक्त गोळीच दिसत होती. त्यांच्या पुण्याच्या डॉक्टरांना आम्ही सगळी उत्तरं लिहून पाठवली, आणि गोळी बदलायची की नाही ते त्यांनी ठरवलं.

मेडिकल असिस्टंट निदान करत नाही, औषध सुचवत नाही, डोस बदलत नाही, रिपोर्टचा अर्थ सांगत नाही. वाचायला हे सोपं आहे. पण परीक्षेत चार पर्यायांपैकी दोन बरोबर वाटतात, आणि ज्याला विषय येतो त्याचा हात हमखास सल्ला देणाऱ्या पर्यायाकडे जातो. आमच्या वर्गात आणखी एक भारतीय होती, हैदराबादची, होमिओपॅथीची डॉक्टर. तिचीही हीच अडचण. अगदी कोऱ्या पाटीने आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुली हे प्रश्न आमच्यापेक्षा पटकन सोडवायच्या. काही दिवस मला याचा राग यायचा: एवढं शिकून गप्प बसायचं? नंतर दवाखान्यात काम बघितलं आणि मत पालटलं. डॉक्टरांना पेशंटमागे मिळतात मोजकी मिनिटं. त्याआधी असिस्टंटने नीट विचारून नेमकं लिहिलेलं असेल तर ती मिनिटं कारणी लागतात. माझं डी.फार्म. वाया गेलं नाही. काय विचारायचं हे मला त्यामुळेच सुचतं. फक्त त्या ज्ञानाचं तोंड पेशंटऐवजी डॉक्टरांकडे वळवावं लागलं.

‘सगळ्यात आधी काय कराल?’ या धर्तीचे प्रश्न तर पानोपानी. रक्त काढताना पेशंटला भोवळ आली तर आधी पट्टा सोडायचा, सुई काढायची, दाब द्यायचा आणि तो पडणार नाही हे बघायचं. मदतीला हाक त्याच वेळी. आपल्याला वापरलेली सुई टोचली तर आधी साबण-पाण्याने धुवायचं, मग वरिष्ठांना कळवायचं. फोनवर कुणी छातीत दुखतंय म्हणालं तर अपॉइंटमेंट शोधत बसायचं नाही, थेट ९११, म्हणजे इथला इमर्जन्सीचा नंबर. अशा प्रश्नांना मी एक चाळणी लावायचे: यातल्या कशाने माणूस आत्ता सुरक्षित होतो? तो पर्याय आधी, कागदपत्रं नंतर.

कायद्याचा भाग वाचताना आपली घरं डोळ्यांसमोर यायची. १९९६ च्या हिपा कायद्याप्रमाणे पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय नवऱ्यालाही सांगायची नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या केबिनमध्ये पेशंटबरोबर नवरा, सासू, दीर असे सगळे शिरतात आणि पेशंट सोडून सगळे बोलतात. पेशंटला इंग्रजी येत नसेल आणि मुलगा भाषांतर करायला तयार असेल तर काय कराल, असा प्रश्न असतो. उत्तर: प्रशिक्षित दुभाषी बोलवा. मला आधी हे कोरडं वाटलं. पण एक्स्टर्नशिपमध्ये एका देशी आजींबरोबर मुलगा आला होता. आजी हिंदीत दोन-तीन मिनिटं बोलल्या आणि मुलाने इंग्रजीत सांगितलं, ‘तिला थकवा आहे.’ बाकीचं सगळं मधेच गळालं. त्यात लघवीचा त्रासही होता, तो मुलासमोर त्यांनी आडून आडून सांगितला होता आणि त्याने तो गाळला. फोनवर दुभाषी जोडून दिल्यावर आणि मुलगा बाहेर बसल्यावर आजी मोकळ्या बोलल्या. त्या प्रश्नाचं उत्तर मला त्यानंतर पाठ करावं लागलं नाही.

विम्याचा भाग मी मन लावून वाचला नाही, फक्त मुकाट्याने पाठ केला. डिडक्टिबल, कोपे, कोइन्शुरन्स, म्हणजे पेशंटने स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमांचे प्रकार, आणि मेडिकेअर या सरकारी विम्याचे ए-बी-सी-डी भाग. त्यावर मोजकेच प्रश्न येतात.

ईसीजीच्या खुणा मात्र सोडू नका. बारा लीडना, म्हणजे हृदयाच्या बारा आलेखांना, दहा इलेक्ट्रोड. व्ही-१ चौथ्या बरगडीच्या फटीत छातीच्या हाडाच्या उजवीकडे, व्ही-२ डावीकडे, मग व्ही-३ सोडून आधी व्ही-४ पाचव्या फटीत, आणि व्ही-३ हा व्ही-२ आणि व्ही-४ च्या मधोमध. हा क्रम विचारतातच. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा. नवरा टीशर्ट काढून सोफ्यावर आडवा पडायचा आणि मी मुलीच्या स्टिकरनी दहाही जागा लावायचे. हसू यायचं, पण बरगड्या बोटाने मोजल्याशिवाय त्या जागा कळत नाहीत.

शेवटच्या काही आठवड्यांत मी नवं वाचणं बंद केलं. संस्थेच्या अधिकृत सराव परीक्षा विकत घेतल्या होत्या. त्या देऊन प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर वहीत लिहायचे की माहिती नव्हती म्हणून चुकलं, की सल्ला द्यायला गेले म्हणून. दुसऱ्या प्रकारच्या चुका कमी होत गेल्या तसा धीर आला. फुकटच्या ॲपवर मी फार वेळ घातला नाही. प्रश्न भरपूर असतात, पण उत्तरामागचं कारण दिलेलं नसेल तर त्यांचा उपयोग थोडाच.

फॉर्म भरताना आपल्या नावांकडे लक्ष द्या. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर बदललेलं आडनाव लायसन्सवर, कॉलेजात तिसरंच. परीक्षेच्या अर्जातलं नाव आणि केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे. मी ते आधीच तपासून दुरुस्त करून घेतलं. केंद्रावर माझ्या पुढे उभ्या असलेल्या एकीची याच कारणावरून बराच वेळ विचारपूस चालली होती. फी दीडशे डॉलरच्या वर आहे आणि नापास झालं तर पुढच्या प्रयत्नाआधी ३० दिवस थांबावं लागतं. एवढ्या साध्या कारणाने दिवस फुकट जाऊ देऊ नये.

परीक्षेत पहिले पंधरा-वीस प्रश्न मला कठीण गेले, नंतर लय सापडली. ट्यूबच्या क्रमावर प्रश्न आला तेव्हा सोनी आठवली. अडलेले प्रश्न खूण करून पुढे गेले आणि शेवटी राहिलेल्या वेळात परत पाहिले. पास झाल्याचं कळल्यावर पहिला फोन मिरजेला, चुलत्यांना. ते म्हणाले, ‘आता काय, डॉक्टरच झालीस.’ मी म्हटलं, ‘नाही हो काका, उलट काय काय करायचं नाही ते शिकले.’ ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘आमच्या पोरांना सांग की जरा येऊन.’ पुढच्या वेळी गेले की दुकानातल्या मुलांशी बसून बोलायचं ठरलं आहे. सूज, छातीतलं दुखणं, लहान मुलाचा ताप अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर गोळी देण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे आणि कुणाला थेट दवाखान्यात धाडायचं, याचा एक कागद मी मराठीत लिहायला घेतला आहे. सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी नवं करताना १० क्रेडिटचं शिक्षण पुरं करावं लागतं. या वेळी त्यासाठी मी मधुमेहाच्या पेशंटच्या पायांच्या काळजीचा विषय घेतला आहे, कारण त्या कागदात तोही घालायचा आहे.